हुआंगची लावायची, पण कुणासाठी आणि कुठे?

प्रश्न: अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या उत्तरेला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. चिनी किराणा दुकानातून त्यांनी हुआंगचीच्या वाळलेल्या चकत्या आणल्या आणि हिवाळाभर सुपात घालून घेतल्या. ही ‘मिल्कवेच’ नावाच्या झाडाची मुळं आहेत, हे त्यांना नंतर कळलं. जूनच्या सुरुवातीला टेकडीवर फिरताना जांभळ्या, खाली झुकलेल्या फुलांचं, लालसर दांड्यांचं एक झुडूप दिसलं, पानं चुरगाळली तर लसणीसारखा उग्र वास आला, आणि फोनमधल्या अ‍ॅपने त्याचं नाव ‘अ‍ॅस्ट्रागॅलस’, म्हणजे मिल्कवेच, असंच सांगितलं. आता ते रोप आणून परसात लावावं की बी मागवून पेरावं, असा त्यांचा एक प्रश्न. सातारा जिल्ह्यातून सासरे राहायला येणार आहेत. त्यांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून त्यांना हुआंगचीचा काढा सुरू करावा असं या भगिनीच्या मनात आहे, तर ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको’ असं यजमानांचं म्हणणं. त्यावरून घरात कुरबुर झाली. तिसरा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रात शेती करणाऱ्या धाकट्या भावाचा. एक कंपनी त्याला हुआंगचीची रोपं विकत देऊन तीन वर्षांनी मुळं परत विकत घ्यायला तयार आहे. एक एकर लावू का, असं तो विचारतो आहे.

ताई,

सासऱ्यांचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे दोन थांबू शकतात. त्यांना हुआंगची देऊ नका. तुमच्या यजमानांचं म्हणणं रास्त आहे.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ असं कुठे लिहिलेलं दिसलं की आपण ते चांगलंच असणार असं धरून चालतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी असणाऱ्या कुणालाही तसं वाटेल. पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भरकटलेली असते. शरीराची संरक्षक यंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच चालून जाते, म्हणून सांधे सुजतात आणि सकाळी उठल्यावर बराच वेळ आखडून राहतात. मेथोट्रेक्सेट देतात ते या यंत्रणेला आवर घालण्यासाठी. हुआंगचीच्या मुळात पॉलिसॅकराइड आणि अ‍ॅस्ट्रागॅलोसाइड गटातली सॅपोनिनं असतात. ती प्रतिकार करणाऱ्या पेशींना चेतवतात, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून दिसतं. म्हणजे एकीकडून आगीवर पाणी ओतायचं आणि दुसरीकडून फुंकणी घालायची. चिनी वैद्य हेच मूळ इतर औषधींसोबत, नाडी आणि लक्षणं पाहून देतात हे खरं. दुकानातून आणलेली चकती घरी उकळून देणं ही ती चिकित्सा नव्हे.

ल्यूपस आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस हे आजारही प्रतिकारशक्ती भरकटल्याचेच, त्यामुळे ते असलेल्यांनाही हेच लागू पडतं. किडनी किंवा यकृताचं रोपण झाल्यावर सायक्लोस्पोरिन वा टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी तर याच्या वाटेलाच जाऊ नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर साखर वा दाब आणखी उतरू शकतो, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलावं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना टाळावं, कारण त्या काळातल्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती कुणाकडेच नाही.

सासरे आल्यावर चुकून एखाद-दुसरी वाटी सूप त्यांच्या पोटात गेलं तर घाबरू नका. पुढे देऊ नका आणि त्यांच्या संधिवाततज्ज्ञांच्या कानावर घाला. मेथोट्रेक्सेट मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही, आणि ते रोज घ्यायचं औषध नाही हेही घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. आणखी एक. ते येताना सोबत काय काय आणतात ते प्रेमाने विचारा. गुळवेलीच्या गोळ्या किंवा अश्वगंधाचूर्ण बहुतेक घरांतून निघतं. गुळवेलही प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्यांपैकीच. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यावर वादही झाला. पण मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर आधीच असतो, त्यामुळे अशा माणसाने त्या वादाचा निकाल लागायची वाट पाहू नये.

तुम्ही आणि यजमान धडधाकट असाल, कुठलं औषध चालू नसेल, तर सुपात हुआंगची घालायला माझी हरकत नाही. चिनी औषधकोशात वाळलेल्या मुळाची दिवसाची मात्रा ९ ते ३० ग्रॅम दिली आहे. स्वयंपाकासाठी दीड-दोन लिटर पाण्याला १० ते १५ ग्रॅम चकत्या पुरतात. त्या सुरुवातीलाच घालाव्या, मंद आचेवर तासभर उकळाव्या आणि वाढायच्या आधी काढून टाकाव्या. त्या चिवट असतात, चावून खायच्या नसतात. सर्दी-पडसं टळतं, वय लांबतं असे दावे पाकिटांवर असतात, पण मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांतून तसं सिद्ध झालेलं नाही. वय लांबवणाऱ्या दाव्याबद्दल तर ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये या मुळापासून कॅप्सूल बनवणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली होती. थंडीत गरम सूप प्यायल्यावर तुम्हाला बरं वाटलं, ते खरंच आहे. त्याचं सगळं श्रेय या मुळाला जातं का, एवढाच माझा प्रश्न.

आता टेकडीवरचं झुडूप. तिथे परत जाऊन ते खणू नका, आणि ज्या हातांनी पानं चुरगाळलीत ते धुतले नसतील तर धुवा.

अ‍ॅपने तुम्हाला चुकीचं सांगितलं नाही, अपुरं सांगितलं. अ‍ॅस्ट्रागॅलस हे एका झाडाचं नाव नाही, ती वंशाची पाटी आहे. त्या पाटीखाली तीन हजारांच्या आसपास जाती येतात. फुलझाडांमध्ये एवढा मोठा वंश दुसरा नाही. आपल्या हरभऱ्याच्या, तुरीच्या, ज्येष्ठमधाच्या कुळातलीच ही मंडळी. त्यातली एक म्हणजे मंगोलिया आणि उत्तर चीनमधली हुआंगची. इराण-तुर्कस्तानच्या डोंगरांवरच्या काटेरी जातींच्या खोडाला चीर देऊन ट्रॅगाकँथ डिंक काढतात. आपल्याकडे उन्हाळ्यात सरबतात भिजवून घालतात तो गोंद कतीरा कधी याचा असतो, कधी कांडोळीचा किंवा सोनसावरीचा. चीन-जपानमध्ये भाताच्या खाचरांत हिरवळीचं खत म्हणून पेरतात ती आणखी वेगळी. आणि तुमच्या अमेरिकेच्या पश्चिम भागात शेकडो जाती रानात आहेत, ज्यांतल्या अनेकांनी पशुपालकांचं जबर नुकसान केलं आहे.

हे नुकसान तीन तऱ्हांनी होतं. काही जातींच्या अंगात एक बुरशी राहते आणि ती स्वेनसोनीन नावाचं विष तयार करते. घोडे, गुरं, मेंढ्या ते खात राहिल्या की पेशींमधल्या साखरेच्या विघटनाचं एक विकर (एन्झाइम) बंद पडतं आणि जनावर काही आठवड्यांत वेड्यासारखं वागू लागतं, झोकांड्या खातं, गाभण असेल तर गाभ टाकतं. या झाडांना तिथले लोक ‘लोकोवीड’ म्हणतात. दुसऱ्या काही जातींत नायट्रो संयुगं असतात. त्यांनी श्वास कोंडतो आणि मागचे पाय लुळे पडतात. तिसरा प्रकार तुमच्या कामाचा आहे. काही जाती जमिनीतलं सेलेनियम, म्हणजे जास्त झालं की विषारी ठरणारं एक मूलद्रव्य, शोषून पानांत साठवतात, वजनाच्या दहा लाख भागांत हजारो भाग इतकं. त्यांना स्वतःला त्याचा त्रास होत नाही, कारण त्या ते निरुपद्रवी रूपात बांधून ठेवतात. पण खाणाऱ्याचे केस झडतात, जनावरांचे खूर गळतात. १९३० च्या दशकात वायोमिंग विद्यापीठात ऑरव्हिल बीथ यांनी या झाडांचा कसून अभ्यास केला आणि ही झाडं सेलेनियम असलेल्या जमिनीची खूण आहेत हे दाखवून दिलं.

जांभळी खाली झुकलेली फुलं, लालसर दांडे, उग्र वास आणि कोलोरॅडोची टेकडी. या वर्णनाला ‘टू-ग्रूव्ह्ड मिल्कवेच’ अगदी जुळते. शेंगेवर दोन खोल खाचा असतात त्यावरून ती ओळखतात. तिच्या वासाचं कारण हे सेलेनियमच. पत्रावरून जात नक्की ठरवता येत नाही, पण हुआंगची ती नाही हे नक्की. हुआंगचीची फुलं फिकट पिवळी असतात आणि पानांना लसणीचा वास नसतो. शिवाय ती कोलोरॅडोच्या रानात मुळात वाढतच नाही.

‘पण खाण्यालायक रानटी मिल्कवेचही आहेत ना?’ असं कुणी विचारेल. आहेत. ग्राउंड प्लम नावाच्या जातीच्या कोवळ्या शेंगा मैदानी प्रदेशातले मूलनिवासी खात आले आहेत. ते ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचं आहे, फोनच्या कॅमेऱ्याने ते मिळत नाही. आणि सार्वजनिक जागेतलं रोप उपटायला बहुतेक ठिकाणी बंदीच असते. कोलोरॅडोतली ऑस्टरहाउट मिल्कवेच १९८९ पासून धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या सरकारी यादीत आहे. आपण नेमकं काय खणतो आहोत हे कळलं नाही तर उगाच असं एखादं झाड जायचं.

एक काम मात्र करा. तुमच्या स्वतःच्या आवारात तशाच वासाची झाडं आपसूक उगवत असतील, तर त्या मातीत खाण्याची मुळं लावू नका. माती तपासून घ्या, किंवा बाहेरून माती आणून उंच वाफा करा.

आणि परसात खरी हुआंगची लावायची तुमची इच्छा असेल, तर जरूर लावा. तुमची जागा तिला मानवणारी आहे. कोरडी हवा, कडक ऊन, गोठवणारा हिवाळा आणि किंचित अल्कधर्मी माती हे सगळं तिच्या माहेरासारखंच. बी अमेरिकेतल्याच औषधी वनस्पतींच्या बियाणे विक्रेत्याकडून घ्या. पाकिटावर ‘अ‍ॅस्ट्रागॅलस मेंब्रेनेशियस’, ‘मोंगोलिकस’ किंवा ‘प्रोपिंक्वस’ यांपैकी नाव असेल. ही तिन्ही नावं हुआंगचीसाठीच वापरतात. नुसतं ‘मिल्कवेच’ लिहिलेलं पाकीट घेऊ नका. परदेशातून बी मागवायला परवाना लागतो, त्या भानगडीत पडू नका.

बी बारीक, तपकिरी-काळं, मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं आणि कवच टणक असतं. जसंच्या तसं पेरलं तर बरंचसं बी वर्षभर तसंच पडून राहतं, आणि ‘बी खराब होतं’ असं म्हणत लोक विक्रेत्याला दोष देतात. मध्यम जाडीच्या दोन पॉलिश कागदांमध्ये बी ठेवून अर्धा मिनिट हलक्या हाताने घासा. कवचाची चकाकी गेली पाहिजे, आतला पांढरा भाग दिसता कामा नये. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी जे फुगून दुप्पट झालेलं असेल ते पेरायला तयार. जे तसंच राहिलं ते पुसून पुन्हा घासा. फुगलेलं बी लगेच पेरा. ते पुन्हा वाळलं तर मेलं.

पेरणी एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत, थेट वाफ्यात. रोपाचं सोटमूळ सुरुवातीपासून खाली धावतं, त्यामुळे उथळ ट्रेमध्ये वाढवलेल्या रोपाचं मूळ तळाशी गुंडाळतं आणि पुढे फाटे फुटतात. घरात लवकर सुरुवात करायचीच असेल तर किमान २० सेंटिमीटर खोल, नळीसारख्या कुंड्या घ्या. बी एक सेंटिमीटर खोल असावं. एक-दोन आठवड्यांत उगवतं. रोपं बोटभर झाली की २५ ते ३० सेंटिमीटरवर एक ठेवून बाकीची विरळा, पण उपटू नका, कात्रीने कापा. उपटताना शेजारच्याचं मूळ हलतं.

सगळा खेळ मातीचा आहे, आणि तुमच्या भागात नेमकी तीच अडचण येते. डेन्व्हरच्या आसपास चिकणमाती भरपूर. तिच्यात दोन पोती वाळू मिसळून काम भागवायचा मोह होतो. तसं केलं की चिकणमाती आणि वाळू मिळून विटेसारखा थर जमतो. त्याऐवजी ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीचा वाफा बांधा आणि वाळूमिश्रित पोयट्याची माती भरा. जुनं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट थोडंसं, एकूण मातीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ताजं शेण किंवा नत्रयुक्त खत अजिबात नको. त्याने पाला माजतो, मुळाला फाटे फुटतात आणि गाठी धरत नाहीत. ही डाळवर्गी वनस्पती आहे, हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींत स्थिर करते. वाटाण्यासाठी किंवा सोयाबीनसाठी मिळणारं जिवाणूखत मात्र हिला चालत नाही, हिचे जिवाणू वेगळे. ते नाही मिळाले तरी चांगल्या मातीत रोप तग धरतं, फक्त वाढ हळू होते.

पहिल्या वर्षी वर फारसं काही दिसणार नाही. वीतभर, फार तर दोन वीत वाढ. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि पाणी वाढवलं जातं. वरची पाच सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून एकदा, पण खोलवर. हुआंगची मरते ती बहुधा पाण्यानेच. दुपारी मान टाकणारं, खालून पिवळं पडत जाणारं रोप तहानलेलं समजून लोक आणखी पाणी घालतात. माती बाजूला करून पाहा. मूळ तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाचं असेल तर ते फ्युजेरियमसारख्या बुरशीने कुजतं आहे. तसं रोप मातीसकट काढून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका, आणि त्या जागी पुढची काही वर्षं हुआंगची किंवा वाटाणा लावू नका. ऑगस्टमध्ये पानांवर पांढरी भुरी दिसली तर फार चिंता नको. सकाळी, बुंध्यापाशी पाणी द्या आणि रोपांमधून वारा खेळू द्या. सशांसाठी मात्र पहिल्याच दिवशी ६० सेंटिमीटर उंच जाळी लावा, नाहीतर कोवळी रोपं एका रात्रीत फस्त होतात.

थंडीत वरचा भाग पूर्ण वाळून जातो. रोप मेलं समजून वाफा खणू नका, जागोजागी काठी रोवून खूण ठेवा. तुमच्याकडे हिवाळ्यात दिवसा बर्फ वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं. त्या फुगण्या-आकसण्याने कोवळी मुळं वर ढकलली जातात. जमीन एकदा गोठली की त्यावर पाच-सात सेंटिमीटर पेंढा किंवा पाचोळा पसरा आणि वसंतात कोंब दिसताच बुंध्यापासून दूर करा. दुसऱ्या उन्हाळ्यात रोप कमरेइतकं होतं, पिसासारखी संयुक्त पानं येतात आणि फिकट पिवळ्या फुलांचे तुरे लागतात. नंतर कागदासारख्या पातळ, फुगीर शेंगा लोंबू लागतात. बी धरायचं नसेल तर तुरे खुडा, जोर मुळात जातो. शेंगांत बारीक छिद्रं दिसली तर आत गांधीलमाशीच्या कुळातली इवली कीड आहे, ते बी पोकळ निघेल.

खोल वाफा करणं जमत नसेल तर चीनच्या गान्सू प्रांतातली रीत पाहण्यासारखी आहे. तिथे पहिल्या वर्षी दाट पेरून रोपं वाढवतात आणि पुढच्या वसंतात ती बारीक मुळं काढून सरीत तिरकी निजवून लावतात. मूळ मग सरळ खाली न जाता आडवं वाढतं आणि काढायला सोपं पडतं. शान्सीतल्या हंगशान डोंगराच्या उतारावर मात्र जुन्या पद्धतीने मुळं जागेवरच पाच-सहा वर्षं राखतात, आणि ती लांब, सरळ मुळं अधिक भावाने जातात.

तुम्ही चौथ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये काढा, पाला पिवळा पडल्यावर आणि जमीन गोठायच्या आत. ओढू नका. ओळीच्या बाजूने चर खणा आणि मूळ त्या चरात आडवं पाडून घ्या, नाहीतर अर्धं आत राहतं. पटकन धुवा, पाण्यात भिजत ठेवू नका. डोकं आणि बारीक केसमुळं कापून टाका. अर्धवट सुकल्यावर तिरक्या, तीन-चार मिलिमीटर जाड चकत्या करा आणि ४० अंशांच्या आसपास वाळवा. मोडताना कट्‌ असा आवाज आला की वाळलं. मुळात गोडवा असल्याने भुंगे लवकर लागतात. हवाबंद बरणीत भरण्याआधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

आता खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडते. रोज १५ ग्रॅम म्हटलं तरी महिन्याला ४५० ग्रॅम वाळलेलं मूळ लागतं. आठ-दहा रोपांचा वाफा चार वर्षांनी एकदाच निघतो. त्यातून वर्षभराची गरज भागणार नाही, आणि दुकानात हे मूळ स्वस्त मिळतं. तेव्हा बाग म्हणून, मुलांना दाखवायला म्हणून लावा. वापरासाठी विकतचं घ्या, पण पारखून. चांगली चकती बाहेरून पिवळसर तपकिरी, आत फिकट पिवळी, मधून बाहेर किरणांसारख्या रेषा असलेली, तंतुमय. चावली तर गोडसर लागते आणि मागून कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास येतो. चावताना बुळबुळीत झाली तर ती हॉलिहॉकच्या कुळातल्या मुळाची भेसळ समजा. अतिशय पांढरी शुभ्र आणि नाकाला आंबट झोंबणारी असेल तर तिला गंधकाची धुरी दिलेली आहे, घेऊ नका.

राहिला भाऊ. एक एकर लावायला मी त्याला सांगणार नाही.

रोपं उगवतील, पहिलं वर्ष हिरवीगारही दिसतील. प्रश्न मुळाचा आहे. ही वनस्पती महिनोन्‌महिने गोठलेल्या जमिनीत झोपते आणि कमी पावसात खोल मूळ वाढवते. पश्चिम महाराष्ट्रात तिला ती झोप मिळत नाही, आणि जून ते सप्टेंबर काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं, तेव्हा मुळं कुजायची भीती सगळ्यात जास्त. अ‍ॅस्ट्रागॅलसच्या जाती भारतात आहेत, पण त्या मुख्यतः लडाख, स्पितीसारख्या थंड कोरड्या भागांत. त्यावरून ‘हिमालयात होते तर साताऱ्यातही होईल’ असं कुणी म्हणत असेल तर ते गळी उतरवून घेऊ नका.

शिवाय बाजार. चीनमध्ये हिची शेती अफाट आहे आणि भाव त्यांच्या हातात. चिनी औषधकोश मुळात अ‍ॅस्ट्रागॅलोसाइड-४ किमान ०.०८ टक्के मागतो. भावाची मुळं तपासणीत त्याखाली भरली तर कंपनी ‘माल निकषात बसत नाही’ म्हणून मोकळी. आणि आयुर्वेदाच्या जुन्या योगांत हे मूळ नाही, त्यामुळे कंपनीने पाठ फिरवली तर गावातला किंवा पुण्या-मुंबईतला कुणी काष्ठौषधीवाला ते घेणार नाही. गिऱ्हाईक एकच आणि तेच रोपं विकणारं, ही मांडणीच धोक्याची. सफेद मुसळीच्या लाटेत आपल्या शेतकऱ्यांनी हे भोगलं आहे. महाग बेणं घेतलं, आणि माल तयार झाला तेव्हा सांगितलेल्या भावाला घेणारं कुणी नव्हतं.

भावाने तरीही बोलणी करायची असतील तर कंपनीकडून लेखी घ्यावं: वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव, बी कुठून आणलं आणि त्याचा आयात परवाना, खरेदीचा दर, गुणवत्तेचा निकष, तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत आणि कुणाच्या खर्चाने. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परदेशी बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, ते दाखवता आलं पाहिजे. म्हणूनच तुम्हीही भारतात जाताना पिशवीत बी नेऊ नका. आणि महाराष्ट्रातलं तीन वर्षांचं एक तरी शेत त्यांनी दाखवावं, तिथे भावाने स्वतः एक मूळ खणून पाहावं. हे ऐकून कंपनीने टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच.

औषधी पीकच हवं असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात अश्वगंधा आणि शतावरीबद्दल विचारावं. अश्वगंधा हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पाच-सहा महिन्यांत निघते. शतावरीला दीड-दोन वर्षं लागतात. दोन्हींचे खरेदीदार एकापेक्षा जास्त आहेत, आणि सुरुवात दहा गुंठ्यांवरून करता येते. कंपनीच्या माणसाने ‘हे पीक जमिनीत नत्र भरतं’ असंही सांगितलं आहे म्हणता, ते खरं आहे. पण त्यासाठी आपल्याकडे ताग आणि धैंचा आहेत. पहिल्या पावसावर ताग पेरून ४५ दिवसांच्या आसपास, फुलं धरायला लागताच जमिनीत गाडला तर तोच फायदा एका हंगामात मिळतो, आणि बियाण्याचा खर्च कंपनीच्या रोपांच्या मानाने अगदीच किरकोळ.